ब्लूग्रास म्हणजे काय? अमेरिकेतला बँजो, मदतनिधीचं जेवण आणि आपलं पिंपळनेर

रील्स बघताना हा आवाज तुमच्या कानावर कधी ना कधी पडलाच असेल. धावत सुटल्यासारखी टणटणणारी तार, सोबत फिडल, आणि टोपी घातलेली चार-पाच माणसं एकाच माइकभोवती गोळा होऊन गातायत. मागे पत्र्याची शेड, शेजारी लांबलचक टेबलावर जेवण मांडलेलं, आणि एका कोपऱ्यात देणगीचा डबा.

हे संगीत म्हणजे ब्लूग्रास. आणि तो प्रसंग म्हणजे गावच्या एखाद्या कामासाठी पैसे उभे करायचा कार्यक्रम. अमेरिकेच्या ग्रामीण भागात असे कार्यक्रम अगदी नेहमीचे आहेत. कुणाला अग्निशमन दलासाठी गाडी घ्यायची असते, कुणाच्या दवाखान्याचं बिल भरायचं असतं, कुठे वाचनालयाचं छप्पर गळत असतं.

आता प्रश्न असा की, याचा साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरशी काय संबंध? तर बराच आहे. जेवण, गाणं आणि वर्गणी हे त्रिकूट आपल्याकडे नवं नाही. पण त्यातून पैसा कसा उभा राहतो, तो कुठे गळतो आणि वाजवणाऱ्याच्या हातात काय पडतं, यावर आपण फारसं बोलत नाही. ते एकेक करून समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर

- ब्लूग्रास हा अमेरिकेच्या केंटकी आणि आसपासच्या डोंगराळ भागातून पुढे आलेला, विजेशिवाय वाजवायचा संगीतप्रकार आहे.
- त्यातला बँजो मुळात आफ्रिकन आहे. आपल्या मिरवणुकीतला बेंजो मात्र जपानमधून आलाय. नाव सारखं, वाद्यं वेगळी.
- महाराष्ट्रात संगीताच्या कार्यक्रमातून निधी उभारण्याची शंभर वर्षांहून जुनी, नोंदवलेली उदाहरणं आहेत.
- नुसत्या तिकिटावर फार पैसे उरत नाहीत. शिधा दान मिळाला तर गणित बदलतं.
- गावच्या वाजंत्र्याला फुकट वाजवायला लावणं आणि मोठ्या कलाकाराने मानधन सोडणं, या दोन गोष्टी एक नाहीत.

ब्लूग्रास म्हणजे नेमकं काय?

केंटकी या राज्याला अमेरिकेत 'ब्लूग्रास स्टेट' म्हणतात. तिथे उगवणाऱ्या एका गवतावरून हे नाव पडलं. याच राज्यातल्या रोझीन गावात १९११ साली बिल मन्रो यांचा जन्म झाला. ते मँडोलिन वाजवायचे. त्यांनी आपल्या बँडला राज्यावरून नाव दिलं, 'ब्लू ग्रास बॉइज'. १९३९ साली हा बँड नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या गाजलेल्या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. पुढे त्यांच्या पद्धतीने वाजवणारे इतके जण झाले की बँडचं नाव अख्ख्या संगीतप्रकाराला चिकटलं.

खरी ठिणगी पडली १९४५ च्या डिसेंबरमध्ये. अर्ल स्क्रग्ज नावाचा विशीतला पोरगा बँडमध्ये आला. तो उजव्या हाताच्या तीन बोटांत नख्या घालून पाच तारांचा बँजो इतक्या वेगात वाजवायचा की लोक बघत राहायचे. आज आपल्या डोक्यात ब्लूग्रासचा जो आवाज आहे तो बराचसा या तीन बोटांचा.

बँडमध्ये साधारण पाच वाद्यं असतात: बँजो, मँडोलिन, फिडल म्हणजे व्हायोलिन, गिटार आणि उभा बास. ड्रम नाही. मूळ पद्धतीत विजेवर चालणारं काहीच नाही. ताल मँडोलिनच्या तुटक फटक्यातून आणि बासमधून येतो. गाणं सुरू असताना एकेक वादक पुढे येतो, आपला तुकडा वाजवतो आणि मागे सरकतो. कव्वालीत किंवा भजनात जसं बुवाने ओळ सोडली की पखवाजवाला आपला हात दाखवून घेतो, तसंच काहीसं.

या संगीताचा पहिला अनेक दिवसांचा महोत्सव १९६५ साली व्हर्जिनियातल्या फिनकॅसल इथे, घोड्यांच्या एका फार्मवर भरला. तिथून माळरानावर तंबू ठोकून ब्लूग्रास ऐकायची पद्धत रुळली.

बँजो गोऱ्यांचा नाही

ब्लूग्रास म्हटलं की आजही डोळ्यांसमोर गोरे शेतकरी येतात. पण बँजो हे वाद्य अमेरिकेत आणलं ते आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून नेलेल्या माणसांनी. भोपळा कोरायचा, त्यावर कातडं ताणायचं, दांडा जोडायचा आणि तारा लावायच्या, अशी वाद्यं पश्चिम आफ्रिकेत आजही आहेत. सेनेगल-गांबिया भागातला 'अकोंटिंग' हा त्यातला बँजोचा जवळचा भाऊबंद मानला जातो.

पुढे एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची टिंगल करणारे 'मिन्स्ट्रेल' खेळ करू लागले. त्यांनी बँजो उचलला. वाद्य लोकप्रिय झालं आणि ज्यांचं होतं त्यांची नावं मात्र हळूहळू मागे पडली. खुद्द बिल मन्रो तरुणपणी आर्नोल्ड शुल्ट्झ या काळ्या वादकासोबत गावच्या नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचे आणि त्यांच्याकडून शिकल्याचं सांगायचे. मन्रो जगभर गाजले. शुल्ट्झ यांचं नाव अभ्यासकांच्या बाहेर फार कुणाला माहीत नाही.

अलीकडे रियानन गिडन्ससारख्या कलाकारांनी हा इतिहास पुन्हा लोकांसमोर आणला. वाद्य कुणाचं, टाळ्या कुणाला आणि पैसे कुणाला, हा प्रश्न लक्षात ठेवा. पिंपळनेरला पोहोचल्यावर तो पुन्हा येणार आहे.

मग आपला 'बेंजो' कुठला?

गणपतीत, हळदीत, वरातीत आपण ज्याला बेंजो म्हणतो तो वेगळाच. लांबट पेटी, वर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. याचं शास्त्रशुद्ध नाव बुलबुल तरंग.

याचं मूळ जपानमध्ये आहे. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो यांनी 'तायशोगोतो' नावाचं वाद्य तयार केलं. त्याच वर्षी जपानमध्ये तायशो राजवट सुरू झाली होती, म्हणून हे नाव. बटणांची कल्पना टाइपरायटरवरून घेतली होती. हे वाद्य पुढे भारतात आलं आणि इथलंच झालं. बलुचिस्तानात त्याला बेंजू म्हणतात. आपल्याकडे त्याला पिकअप बसवला, अॅम्प्लिफायर जोडला, सोबत ढोलकी, ताशा, कच्छी ढोल आला आणि 'बेंजो पार्टी' तयार झाली. २०१६ साली रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन 'बँजो' हा हिंदी सिनेमा काढला, तो याच पार्ट्यांच्या दुनियेवर.

म्हणजे नाव अमेरिकन वाद्याचं, यंत्रणा जपानी आणि गाणी आपली.

दोन्ही जगं एकत्र आल्याचं उदाहरण हवं असेल तर बेला फ्लेक आणि झाकीर हुसेन यांचं काम ऐका. बेला फ्लेक हे अमेरिकन बँजोवादक. झाकीरभाई, बासवादक एडगर मायर आणि मुंबईचे बासरीवादक राकेश चौरसिया यांच्यासोबतचा त्यांचा 'अॅज वी स्पीक' हा अल्बम २०२३ साली आला. २०२४ च्या ग्रॅमीमध्ये या चौघांना त्यासाठी दोन पुरस्कार मिळाले. बँजो आणि तबला एकत्र कसे बोलतात, ते यात कळतं.

निधीच्या कार्यक्रमात ब्लूग्रासच का?

कारण तो स्वस्त पडतो.

पाच माणसं आणि त्यांची वाद्यं एका गाडीत मावतात. मोठी साउंड सिस्टीम लागत नाही, एका माइकवर भागतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्टेज होतं. बरीच गाणी सगळ्यांना पाठ असतात, त्यामुळे या बँडचा फिडलवाला त्या बँडसोबत सराव न करता वाजवू शकतो. एका संध्याकाळी चार बँड बोलावले तरी बदलाबदलीत वेळ जात नाही. आणि आवाज इतकाच असतो की शेजारी बसून जेवता येतं, गप्पा मारता येतात.

अमेरिकेत अग्निशमन दलातले निम्म्याहून जास्त जवान बिनपगारी स्वयंसेवक आहेत, ही गोष्ट आपल्याला नवी वाटेल. छोट्या गावांत दलाची गाडी, पाइप, गणवेश यासाठी लोकच पैसे जमवतात. कुणी घरून पाय करून आणतं, कुणी मांस भाजतं. ताटाचे पैसे ठरलेले असतात आणि गाण्याच्या मध्ये टोपी फिरते.

हेच मोठ्या प्रमाणावर १९८५ साली झालं. अमेरिकेतले शेतकरी कर्जात बुडाले होते, जमिनी लिलावात जात होत्या. तेव्हा विली नेल्सन, नील यंग आणि जॉन मेलनकँप या गायकांनी २२ सप्टेंबर १९८५ रोजी इलिनॉयमध्ये 'फार्म एड' हा कार्यक्रम केला. तो आजही होत राहतो. कर्ज आणि लिलाव हे शब्द खानदेशातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

महाराष्ट्रात हे आधीच झालंय

तारीख होती ८ जुलै १९२१. लोकमान्य टिळकांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि गांधीजींनी टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवायचं आवाहन केलं होतं. तेव्हा मराठी रंगभूमीवर दोन नाटक मंडळ्यांची चुरस होती, बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श. हे दोघे फंडासाठी एकत्र आले आणि मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तिकिटाचे दर त्या काळाच्या मानाने अफाट होते, तरी थिएटर भरलं. पुढे तीनच महिन्यांत केशवरावांचं निधन झालं. त्यामुळे हा प्रयोग मराठी नाट्यरसिकांच्या आठवणीत कायमचा राहिला.

दुसरं उदाहरण अलीकडचं. १९८० च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा अशा कलाकारांनी आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी' नाटकाचे प्रयोग महाराष्ट्रभर केले. त्यातून 'सामाजिक कृतज्ञता निधी' उभा राहिला. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि बाबा आढाव या कामात होते. यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही असं ठरलं. त्याच्या व्याजातून पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागलं. प्रयोग संपले, पण पैसा काम करत राहिला.

आणि एक उदाहरण सावध करणारं. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. एकाच दिवशी दोन खेळ झाले. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर लगेच युनिसेफकडे गेले. पण त्याहून कितीतरी मोठी रक्कम रेकॉर्ड आणि सिनेमातून येणार होती, आणि ती अमेरिकेच्या कर खात्यात अनेक वर्षं अडकून पडली. कारण साधं होतं, करसवलतीची कागदपत्रं कार्यक्रमाच्या आधी नीट केली नव्हती. जगातले सर्वांत मोठे कलाकार असूनही कागद कच्चा राहिला की पैसा अडकतो.

पिंपळनेर परिसरात काय आहे?

पिंपळनेर पांझरेच्या काठावर, धुळे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाकडे, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. इथे अहिराणी, कोकणी, मावची, मराठी आणि थोडी गुजराती अशी बोलींची सरमिसळ ऐकू येते. संगीतही तसंच सरमिसळ.

*पावरी.* वाळलेला भोपळा, बांबू आणि शिंग यांपासून केलेलं फुंकून वाजवायचं वाद्य. गाल फुगवून, श्वास न तोडता वादक ते वाजवत राहतो. आफ्रिकन बँजोतही भोपळा आणि आपल्या पावरीतही भोपळा. शेतकरी आणि जंगलात राहणारा माणूस जगात कुठेही असला तरी हाताशी जे असेल त्यातूनच वाद्य करतो.

*डोंगऱ्या देव.* मार्गशीर्षात कोकणा आणि इतर आदिवासी समाजांत हा उत्सव होतो. व्रत घेतलेले भक्त पावरीवर गोल धरून नाचतात, गावोगाव फिरतात. लोक धान्य, पैसे देतात आणि त्यातून पुढचा खर्च आणि जेवण होतं. गाणं आधी, शिधा नंतर आणि शेवटी सगळ्यांचं जेवण, हा क्रम आपल्याकडे कुणी परदेशातून आणलेला नाही.

*भोवाडा.* देवदेवतांचे मुखवटे घालून रात्रभर सोंगं नाचवायची, साथीला संबळ आणि सनई. खर्च गावच्या वर्गणीतून.

*नामसप्ताह आणि भंडारा.* पिंपळनेरचा खंडोजी महाराजांचा नामसप्ताह सगळ्या परिसराला माहीत आहे. सप्ताह म्हटलं की भजन आलं, कीर्तन आलं आणि पंगत आली. शेकडो माणसांचा स्वयंपाक वेळेवर उतरवणारे हात प्रत्येक गावात आहेत. निधीच्या कार्यक्रमात सगळ्यात कठीण काम तेच असतं.

*बारीपाड्याची वनभाजी स्पर्धा.* पिंपळनेरहून जवळ, साक्री तालुक्यातच असलेला बारीपाडा हा छोटा आदिवासी पाडा. इथल्या लोकांनी १९९० च्या दशकापासून आपलं जंगल राखलं. कुऱ्हाडबंदी केली, मोडणाऱ्याला दंड लावला आणि ओसाड डोंगर पुन्हा हिरवा केला. या कामात पुढे असलेले चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. २००४ पासून इथे वनभाज्यांची पाककृती स्पर्धा होते. बाया जंगलातून भाज्या आणतात, रांधतात, ओळीने मांडतात. बाहेरगावाहून लोक बघायला, चाखायला येतात. जंगल वाचवलं तर ताटात काय येतं, हे तिथे ताटातच दिसतं.

जेवण आणि सामाजिक काम यांची सांगड कशी घालायची, याचा आपल्या हद्दीतला सगळ्यात चांगला नमुना हाच. त्यासाठी फिनकॅसलला जायला नको.

कलाकाराला पैसे द्यायचे की नाही?

'चांगल्या कामासाठी आहे, थोडं वाजवून द्या की.' हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं.

डॉ. लागूंनी मानधन सोडलं तेव्हा ते त्यांचं दान होतं, कारण नाही म्हणायची त्यांना मोकळीक होती. गावच्या संबळवाल्याला, सनईवाल्याला, हलगीवाल्याला ती मोकळीक असतेच असं नाही. यातले बरेच वादक पिढ्यान् पिढ्या दलित किंवा भटक्या समाजातून आलेत. देवाच्या नावाने, गावाच्या नावाने, पाटलाच्या दारात फुकट वाजवून घेण्याचा इतिहास त्यांच्या घरात अजून आठवणीत आहे. बलुतं गेलं, पण 'तू वाजव, गाव बघून घेईल' ही सवय पूर्ण गेली नाही. नाही म्हणण्याची सोय नसेल तर फुकट वाजवण्याला दान म्हणता येत नाही. ती वेठच.

त्यात भर डीजेची. लग्नसराईतले मोजके महिने हीच वाजंत्र्यांची कमाई. त्यातली बरीच सुपारी आता साउंडच्या भिंतीकडे जाते. अशा वेळी गावच्या निधीच्या कार्यक्रमात साउंडवाल्याला रोख पैसे, मांडववाल्याला रोख पैसे, आचाऱ्याला रोख पैसे आणि वाजवणाऱ्याला शाल-श्रीफळ, असं होत असेल तर ते बरोबर नाही.

साधा नियम करता येतो: मानधन आधी ठरवायचं, कार्यक्रम संपताच हातात द्यायचं, आणि कुणाला त्यातून काही परत द्यायचं असेल तर ते त्याने स्वतःहून देणगीच्या पावतीवर द्यावं. म्हणजे त्याचं नाव देणगीदारांच्या यादीत लागतं. शुल्ट्झ यांच्यासारखं पुसलं जात नाही.

आता गणित

समजा पिंपळनेरात वाचनालयासाठी असा कार्यक्रम करायचा आहे. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत, प्रत्यक्षातले दर तुमच्या गावात वेगळे असतील.

- ५०० लोक, प्रत्येकी १५० रुपयांचं ताट: जमा ७५,००० रुपये
- जेवणाचा खर्च, ताटामागे ७० रुपये: ३५,००० रुपये
- मांडव, लाइट, साधा साउंड: १२,००० रुपये
- कलाकारांचं मानधन: १५,००० रुपये
- शिल्लक: १३,००० रुपये

पाचशे माणसं जेवली, गावभर धावपळ झाली आणि हातात उरले तेरा हजार. इथेच बऱ्याच मंडळांचा हिरमोड होतो आणि मग पहिली कात्री कलाकाराच्या मानधनाला लागते.

आता एकच गोष्ट बदला. तांदूळ, डाळ, वांगी, तेल हा शिधा लोकांकडून दान घ्या. कुणी पोतं देईल, कुणी पायली देईल. ताटाचा खर्च ७० वरून २५ रुपयांवर आला असं धरलं तर जेवणाला लागले १२,५००. बाकी सगळं तेच ठेवून शिल्लक होते ३५,५०० रुपये. मानधनाचा एक रुपयाही न कापता.

अमेरिकेतल्या त्या टेबलावरचे पाय घरून का येतात, याचं उत्तर हे आहे. भंडाऱ्यातल्या शिध्याचंही गणित तेच आहे. रोख मागितली की माणूस विचार करतो, धान्य मागितलं की घरातली बाई सूप घेऊन उभी राहते.

ताटात काय ठेवायचं, हे सांगायला नको. वरण-बट्टी आणि भरीत हे मोठ्या पंगतीला परवडतं. शेवभाजी पटकन होते. नागलीची भाकरी आणि पावसाळ्यात एखादी वनभाजी ठेवली तर बाहेरचे लोक त्यासाठीच येतील, आणि तो पैसा पाड्यावरच्या बायांच्या हाती जाईल.

परवानग्या कोणत्या लागतात?

- *पैसे गोळा करणं:* नोंदणी नसलेल्या मंडळाने सार्वजनिक वर्गणी घेण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खालची ही परवानगी. गणेश मंडळं घेतात तीच. आधीपासून नोंदणी असलेल्या संस्थेच्या नावाने कार्यक्रम केला तर काम सोपं होतं.
- *आवाज:* ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर बंदी. शासन वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ १२ पर्यंत वाढवू शकतं. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. पावरी आणि संबळ यांचा कार्यक्रम संध्याकाळी ६ ला सुरू करा, ९ ला संपवा, डोक्याला ताप नाही.
- *जेवण:* तात्पुरता स्टॉल लावून अन्न विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते. पाण्याची सोय आणि उरलेल्या अन्नाचं काय करणार, हे आधी ठरवा.
- *गाणी:* पारंपरिक गाण्यांवर कुणाचा हक्क नसतो. सिनेमाची गाणी तिकीट लावलेल्या कार्यक्रमात वाजवायची तर परवाना लागू शकतो. लोकवाद्यं ठेवण्याचा हाही एक फायदा.
- *देणगीची पावती:* ज्याला आपण '८०जी' म्हणतो ती करसवलत फक्त त्यासाठी मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, आणि २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी त्यात धरली जात नाही. तुमच्याकडे ती मान्यता नसेल तर पोस्टरवर तसं छापू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*ब्लूग्रास आणि कंट्री म्युझिक एकच का?*
नाही. दोघांचं मूळ जवळचं आहे. पण कंट्रीमध्ये इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, मोठा स्टुडिओ आला. ब्लूग्रास लाकडी वाद्यांवर राहिला.

*सुरुवात कुठून करू?*
अर्ल स्क्रग्ज यांचं 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' ऐका. १९६७ च्या 'बॉनी अँड क्लाइड' सिनेमात वापरल्यामुळे ते जगभर पोहोचलं. मग बेला फ्लेक आणि झाकीर हुसेन ऐका.

*ऑनलाइन क्यूआर कोड लावून पैसे घेतले तर चालतात का?*
चालतात, पण खातं संस्थेच्या नावाचं असू द्या. एखाद्या कार्यकर्त्याच्या खासगी खात्यात पैसे गेले की कितीही प्रामाणिक माणूस असला तरी शंका येते आणि पुढच्या वर्षी वर्गणी आटते.

शेवटची गोष्ट: फळा

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी चौकात एक फळा लावा. जमा किती, खर्च किती, कलाकारांना किती, शिल्लक किती आणि ती कुठे जाणार. त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाका. ज्यांनी धान्य दिलं त्यांची नावं आणि ज्यांनी वाजवलं त्यांची नावं एकाच मापाच्या अक्षरात लिहा.

तुमच्या गावात असा कार्यक्रम झाला असेल आणि हिशोब जाहीर झाला असेल, तर त्या फळ्याचा फोटो कमेंटमध्ये टाका. बाकीच्या गावांना उपयोगी पडेल.